जुना भुयारी रेल्वेचा नकाशा संगणकावर नव्याने काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनच्या भुयारी रेल्वेच्या १९३३ सालच्या, खिशात मावणाऱ्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत तुमच्याकडे आहे आणि छंद म्हणून ती तुम्हाला इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये नव्याने काढायची आहे. ऑटो-ट्रेस (स्कॅनवरून आपोआप रेषा काढण्याची सोय) वापरून पाहिल्यावर रेषांच्या कडा वेड्यावाकड्या आल्या. आता जाळी किती अंतराची धरावी, फॉन्ट कोणता घ्यावा आणि रंगांचे आकडे कुठून आणावेत, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. तिन्ही प्रश्न योग्य आहेत, पण त्यांच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे तुम्ही नेमकी कशाची प्रतिकृती करणार आहात.

छापील कागदावर दिसते ती शाई. ती कागदात थोडी पसरलेली असते, घडीवर उडालेली असते, एका रंगाचा ठसा दुसऱ्यापासून केसभर सरकलेला असतो. त्या शाईखाली आरेखकाचा निर्णय असतो: रेषा इथून तिथपर्यंत न्यायची, एवढ्या जाडीची ठेवायची, या ठिकाणी ४५ अंशांत वळवायची, वळण एवढ्या त्रिज्येचे घ्यायचे. ऑटो-ट्रेस शाईची कड शोधतो, कारण त्याला दुसरे काही दिसतच नाही. आपल्याला मात्र तो निर्णय शोधून पुन्हा अमलात आणायचा असतो. म्हणून या कामात माऊस हाती घेण्याआधीचा मोजमापाचा टप्पाच मोठा असतो आणि तो नीट झाला तर प्रत्यक्ष रेखाटन फार वेळ घेत नाही.

प्रथम आवृत्ती निश्चित करा. हॅरी बेक याने या नकाशाचा पहिला आराखडा १९३१ मध्ये काढला, तो सुरुवातीला नाकारला गेला आणि जानेवारी १९३३ मध्ये खिशातल्या नकाशाच्या रूपाने लोकांच्या हाती पडला. त्यानंतर तो सतत बदलत राहिला, त्यामुळे ‘१९३३चा नकाशा’ म्हणून फिरणाऱ्या स्कॅन प्रती एकाच छपाईच्या असतीलच असे नाही. तारीख ताडून पाहण्यासाठी स्थानकांची नावे उपयोगी पडतात. पिकॅडिली मार्ग अर्नोस ग्रोव्हपर्यंत सप्टेंबर १९३२ मध्ये आणि कॉकफॉस्टर्सपर्यंत जुलै १९३३ मध्ये सुरू झाला. डोव्हर स्ट्रीटचे ग्रीन पार्क झाले ते सप्टेंबर १९३३ मध्ये आणि त्याच महिन्यात ब्रिटिश म्युझियम हे स्थानक बंद झाले. पोस्ट ऑफिस या स्थानकाला सेंट पॉल्स हे नाव १९३७ मध्ये मिळाले. रंगांचीही साक्ष काढता येते: पहिल्या आवृत्तीत बेकरलू मार्ग लाल आणि सेंट्रल मार्ग नारिंगी होता, तर पुढच्या वर्षी सेंट्रल लाल झाला आणि बेकरलूला तपकिरी रंग मिळाला. गाडी बदलण्याच्या स्थानकांवर चौकटच्या पानातल्यासारखे हिरे असतील तर प्रत सुरुवातीच्या काळातली आहे, कारण नंतर त्यांच्या जागी वर्तुळे आली. दोन वेगळ्या आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती समोर ठेवून दोन्हींतले सोयीचे तेवढे उचलले, तर कधीही अस्तित्वात नसलेला नकाशा तयार होतो, आणि जाणकार माणसाची नजर नेमकी तिथेच जाते.

आता स्कॅनकडे वळू. हा नकाशा उघडल्यावर साधारण २३ सेंटीमीटर रुंद भरतो. समजा एखाद्या मार्गाची रेषा दीड मिलिमीटर जाड आहे. ६०० डीपीआयच्या (दर इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅनमध्ये ती सुमारे ३५ पिक्सेल भरेल आणि १५० डीपीआयमध्ये जेमतेम ९. दोन्ही कडांवर एकेक पिक्सेलचा संशय राहतोच. ३५ मध्ये तो खपून जातो, पण ९ मध्ये जाडीच्या मापात वीस टक्क्यांहून अधिक चूक होऊ शकते. जाडीचे माप चुकले की स्थानकांच्या खुणांची (रेषेतून बाहेर येणाऱ्या छोट्या दांड्यांची) लांबी, वळणांची त्रिज्या आणि रेषांमधली अंतरे असे सगळेच चुकत जाते, कारण ही सर्व मापे आपण जाडीच्या पटीत मांडणार आहोत. जेपीईजी प्रत असेल तर कडांभोवती उमटणारी पुसट जाळी मोजमापात धरू नका. संग्रहालयांची डिजिटल दालने मोठ्या आकाराच्या प्रती पाहायला देतात, म्हणून तुमच्याकडची प्रत लहान असेल तर आधी तिथे शोध घ्यावा.

स्कॅन सरळ करण्याची एक युक्ती या प्रकारच्या नकाशाला विशेष लागू पडते, आणि ती फारशी कुणी वापरत नाही याचे मला आश्चर्य वाटते. या नकाशात आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषा सोडून जवळजवळ काहीच नाही. म्हणजे कोनमापकाचे काम नकाशाच करून देतो. एक लांब तिरकी रेषा उजवीकडे चढणारी आणि एक डावीकडे चढणारी अशा दोन निवडा आणि दोघींचा आडव्याशी होणारा कोन मोजा. एक ४५.८ आणि दुसरी ४४.२ अंश आली तर कागद स्कॅनरवर ०.८ अंश फिरलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. उलट फिरवले की काम झाले. पण दोन्ही ४४.२ आल्या, तर फिरवून काहीच साधणार नाही. तिथे चित्र एका दिशेने दबलेले आहे: ४४.२ अंशांचा टॅन्जंट ०.९७२ आहे, म्हणजे उंची रुंदीच्या मानाने पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कमी पडते आहे आणि तेवढी ती ताणून घ्यावी लागेल. कागद ओलाव्याने एका दिशेला अधिक फुगतो, फोटोकॉपीच्या यंत्रातून गेलेली प्रत एका बाजूला ताणली जाते. कारण काहीही असो, उपाय हाच. मात्र ही तपासणी घडीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी करा, कारण घडीपाशी कागद उचललेला असेल तर डाव्या आणि उजव्या भागाची दुरुस्ती एकसारखी निघत नाही. अशा वेळी भाग वेगळे कापून, प्रत्येक सरळ करून मगच जोडावेत.

जाळीबद्दलचा तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. आज आपण स्नॅप-टू-ग्रिडच्या (बिंदू आपोआप जाळीवर ओढून बसवण्याच्या) सवयीने असे धरून चालतो की मूळ आरेखकानेही सर्व काही एका समान जाळीवर बसवले असेल. बेक भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेला आरेखक होता. त्याची साधने टी-स्क्वेअर, गुण्या आणि शाईचा पेन. गुण्या ४५ अंशांचा कोन काटेकोर देतो, पण दोन स्थानकांमधले अंतर ठरवतो तो डोळा आणि नावाला लागणारी जागा. त्यामुळे कोनांच्या बाबतीत मूळ नकाशा कडक आणि अंतरांच्या बाबतीत बराच लवचिक असणार, असे धरूनच मोजायला बसा. एखाद्या मार्गावरच्या सलग स्थानकांची अंतरे मोजून कागदावर मांडा. ती एकाच आकड्याभोवती घोटाळत असतील तर तिथे समान अंतराचा हेतू होता असे समजून समान करा. एखादे अंतर उघडच मोठे असेल तर ते तसेच ठेवा, कारण बहुधा तिथे लांब नाव किंवा दुसरी रेषा आडवी आलेली असते. सगळे नकाशे एका जाळीवर ओढून बसवणाऱ्या प्रतिकृती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या नीटनेटक्या दिसतात, पण मूळ नकाशातला श्वास त्यांच्यात राहत नाही.

एकक मात्र हवेच, आणि ते जाळीच्या चौकोनाऐवजी रेषेची जाडी हे धरावे. तिला ‘क्ष’ म्हणा. स्थानकाची खूण किती क्ष बाहेर येते, हिऱ्याची बाजू किती क्ष आहे, वळणाची त्रिज्या किती क्ष आहे, अक्षरांची उंची किती क्ष आहे, हे सर्व दहा-पंधरा ठिकाणी मोजून सरासरी काढा आणि एका कागदावर लिहून समोर ठेवा. प्रत्येक मार्ग एकच पाथ (बिंदूंनी बांधलेली रेषा) म्हणून मधल्या रेषेवर काढा आणि जाडी स्ट्रोकने (रेषेच्या जाडीच्या सेटिंगने) द्या. जाडीचा आकार भरून काढू नका. कोपरे आधी टोकदार ठेवा आणि गोलाई शेवटी कॉर्नर्स या पाथ इफेक्टने द्या, म्हणजे त्रिज्येचा आकडा नंतर बदलता येतो. इलस्ट्रेटर हा दुसरा रेखाटनाचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी गोलाईचा अ‍ॅब्सोल्यूट हा पर्याय निवडावा, नाहीतर ४५ आणि ९० अंशांच्या कोपऱ्यांना एकच आकडा देऊनही वळणे वेगवेगळी दिसतात.

समांतर धावणाऱ्या रेषा हा या कामातला सर्वांत फसवा भाग आहे, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घेतो. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन आडव्या रेषांच्या मध्यांमध्ये ५ एककांचे अंतर आहे असे समजा. दोन्ही एकाच ठिकाणी ४५ अंशांत वर वळतात. बहुतेक जण दोन्हींचा कोपरा एकाच उभ्या ओळीत ठेवतात आणि रेषा तिरकी नेतात. मग तिरक्या भागात त्यांच्यामधले खरे अंतर ५ राहत नाही. ते ५ भागिले वर्गमूळ २, म्हणजे सुमारे ३.५ होते. रेषा ५ एकक जाडीच्या असतील तर त्या एकमेकींवर चढतात, आणि मग माणूस तिरक्या भागाला हाताने ढकलून बसवू लागतो. त्याऐवजी कोपराच योग्य जागी ठेवावा. रेषा उजवीकडे जाऊन वर चढत असतील तर वरच्या रेषेचा कोपरा खालच्या रेषेच्या कोपऱ्याच्या ०.४१४ गुणिले ५, म्हणजे २.०७ एकके डावीकडे हवा, ०.४१४ हा साडेबावीस अंशांचा टॅन्जंट आहे. काटकोनात वळणाऱ्या जोडीसाठी हेच सरकवणे पूर्ण ५ एककांचे असते. त्रिज्याही एकसारख्या देऊ नयेत: वळणाच्या आतल्या रेषेच्या मध्याची त्रिज्या १० असेल तर तिच्या बाहेरच्या रेषेची १५ आणि त्याही बाहेर तिसरी असेल तर तिची २०, म्हणजे सर्व कमानी एकाच केंद्राभोवती फिरतात आणि मधली फट वळणातही तेवढीच राहते. हे गणित टाळायचे असेल तर एकच रेषा काढून तिच्यावरून ऑफसेटने (ठरावीक अंतरावर समांतर रेषा काढण्याच्या सोयीने) दुसरी तयार करता येते, पण ऑफसेटने जादा नोड (रेषेवरचे बिंदू) तयार होतात आणि पुढे दुरुस्ती करणे जिकिरीचे होते. मी स्वतः कोपऱ्यांचे गणित करणेच पसंत करतो.

लंडनच्या या नकाशात समांतर जोड्या मोजक्याच आहेत. न्यू यॉर्कच्या सबवेचा आरेखक मासिमो विन्येली यांचा १९७२ चा नकाशा घेतलात तर मात्र हे गणित प्रत्येक चौकात करावे लागते, कारण तिथे प्रत्येक सेवेला स्वतंत्र रंगाची रेषा आहे आणि गाडी जिथे थांबते तिथे त्या रेषेवर स्वतंत्र काळा ठिपका आहे. फॉन्टच्या बाबतीत तो नकाशा सोपा आहे, कारण हेल्व्हेटिका सहज मिळतो. लंडनचा नकाशा नेमका इथेच अवघड होतो.

भुयारी रेल्वेचे अक्षर म्हटले की एडवर्ड जॉन्स्टनचे नाव येते. भुयारी रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक यांच्या सांगण्यावरून त्याने घडवलेली अक्षरे १९१६ पासून वापरात आली. पण आज मिळणारे बहुतेक डिजिटल जॉन्स्टन पुढच्या काळातले आहेत: एइची कोनो यांनी १९७९ च्या सुमारास त्या अक्षरांचे पुनर्रेखन केले आणि २०१६ मध्ये मोनोटाइपने ‘जॉन्स्टन १००’ तयार केले. त्यांतली प्रमाणे त्या त्या काळाच्या गरजेनुसार बदललेली आहेत, म्हणून १९३३ च्या नकाशावर ती परकी वाटतात. मूळ आकारांवर बेतलेला डिजिटल जॉन्स्टन मिळाला तर तो अधिक जवळ जातो. तरीही तंतोतंत जुळणार नाही, कारण त्या नकाशावरची स्थानकांची नावे बेकने जॉन्स्टनच्या धाटणीची मोठी अक्षरे हाताने लिहून काढली होती. दोन ‘आर’ शेजारी ठेवून मोठे करून पाहा; एकाचा पाय किंचित आखूड, दुसऱ्याची वाटी किंचित रुंद दिसेल.

इथे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे तयार फॉन्ट घ्यावा, त्याची उंची क्षच्या पटीत बसवावी आणि प्रत्येक नावाची रुंदी स्कॅनवरच्या नावाशी अक्षरांमधली जागा कमी-जास्त करून जुळवावी. अक्षरे आडवी ताणून रुंदी गाठू नये, कारण त्याने उभ्या दांड्या जाड आणि आडव्या बारीक होतात आणि लबाडी लगेच उघडी पडते. दुसरा मार्ग म्हणजे नकाशावरूनच वर्णमाला उभी करावी. नावे सर्व मोठ्या अक्षरांत असल्यामुळे फक्त सव्वीस अक्षरे, नावांच्या संक्षेपातला टिंब, ‘अँड’ची खूण आणि फार तर एखाद-दुसरे विरामचिन्ह एवढेच लागते. प्रत्येक अक्षराचे पाच-सहा स्वच्छ नमुने एकावर एक ठेवून मधला आकार काढावा आणि फॉन्टफोर्जसारख्या साधनात फॉन्ट बनवावा. ज्या अक्षराचा एकच नमुना सापडतो, त्याला त्याच्या जातकुळीतल्या अक्षरांवरून बेतावे लागते. तुमचा हा पहिलाच प्रकल्प असेल तर मी पहिला मार्ग सुचवीन. वर्णमाला घडवणे हा वेगळाच छंद आहे आणि तो नकाशाला गिळून टाकतो.

नावे कुठे बसवायची यात मात्र तडजोड नको. नावाच्या पहिल्या अक्षराची डावी कड खुणेपासून किती दूर आहे, दोन ओळींच्या नावात खूण कोणत्या ओळीसमोर येते, नाव रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, या गोष्टींनी नकाशाचा चेहरा ठरतो. रेषा हुबेहूब आणि नावे आजच्या सवयीने मांडलेली, अशी प्रतिकृती पाहताक्षणी आधुनिक वाटते.

रंगांबद्दल बोलायचे तर आय-ड्रॉपरने एका पिक्सेलवर टिचकी मारून रंग उचलू नका. शाईच्या एका सपाट पट्ट्यातला किमान काही मिलिमीटरचा भाग निवडून त्याची सरासरी घ्या, आणि तीसुद्धा घडीच्या आतल्या, उजेड न लागलेल्या बाजूची, कारण उजेडात रंग उडतात आणि सगळे सारखे उडत नाहीत. शिवाय पिवळटलेल्या कागदाचा रंग शाईत मिसळलेला असतो, तो वेगळा काढावा लागतो. समजा निळ्या रेषेची सरासरी लाल ६०, हिरवा ८०, निळा ११० आली आणि शेजारच्या कोऱ्या कागदाची २३५, २२५, २०० आली. प्रत्येक आकड्याला कागदाच्या आकड्याने भागून २५५ ने गुणा: ६५, ९१, १४० मिळतील. ही शुद्ध पांढऱ्या कागदावरच्या शाईची बरीच चांगली अटकळ आहे. मग कागद जुना दाखवायचा असेल तर खाली पिवळट थर ठेवून वरच्या शाईच्या लेअरला (थराला) मल्टिप्लाय, म्हणजे खालच्या रंगाशी गुणाकार करणारी मिसळण, द्या. दोन शाई जिथे एकमेकींवर छापल्या गेल्या आहेत, तिथला गडद चौकोनही त्याच पद्धतीने आपोआप येतो. स्कॅनरचा स्वतःचा रंगदोष या गणिताने जात नाही. त्याला रंगांच्या प्रमाणित पट्टीसह केलेले स्कॅन लागते, आणि ते नसेल तर एवढ्यावर समाधान मानावे.

शाईचे पसरणे, ठशांचे सरकणे, घडीच्या रेघा हे सगळे हवे असेल तर वेगळ्या लेअरवर आणि सर्वांत शेवटी करा, म्हणजे तो लेअर बंद केल्यावर खाली स्वच्छ नकाशा उरतो. माझ्या मते एकाच फाइलमध्ये दोन्ही ठेवणे उत्तम. कागद, नदी, मार्ग, खुणा, हिरे, नावे आणि खुणांची सूची असे लेअर खालून वर लावा; टेम्स नदीचा पट्टा मार्गांच्या खालीच हवा.

तपासणीसाठी स्कॅनवर तुमचे रेखाटन ठेवून डिफरन्स हा ब्लेंड मोड लावा. जुळलेले भाग काळे पडतात आणि चुकलेली जागा उजळून दिसते. सगळे काळे व्हावे असा हट्ट मात्र धरू नका. जिथे उजळ कड रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे तिथे फक्त शाई पसरलेली आहे. एकाच बाजूला असेल आणि तीही एकाच रंगाच्या सर्व रेषांवर त्याच दिशेला असेल, तर छपाईचा ठसा सरकलेला आहे. एकट्यादुकट्या रेषेवर दिसली तर ती तुमची चूक, आणि तेवढीच दुरुस्त करायची. त्यानंतर मूळ मापात छापून पाहा. पडद्यावर आठशे टक्के मोठे करून जुळवलेली अक्षरे प्रत्यक्ष आकारात कधी गिचमिड होतात, ते कागदावरच कळते. छापखान्यात पाठवताना नावांचे पाथमध्ये रूपांतर केलेली वेगळी प्रत द्या आणि मजकूर संपादित करता येईल अशी मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. इंकस्केप आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या) रंगांत काम करते, त्यामुळे छापखान्याने सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) पीडीएफ मागितली तर ती स्क्रायबस या पानरचनेच्या प्रोग्राममधून काढावी.

राहिला हक्कांचा मुद्दा, जो तुम्ही विचारलेला नाही. नकाशा जुना आहे म्हणजे तो मुक्त झाला असे नाही. बेक यांचे निधन १९७४ मध्ये झाले आणि ब्रिटनमध्ये लेखकाधिकार साधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. शिवाय लंडनच्या वाहतूक संस्थेकडे नकाशाचे आणि बोधचिन्हाचे हक्क आहेत, आणि ती त्यांच्या व्यापारी वापरासाठी परवाना देते. अभ्यासासाठी घरी काढून भिंतीवर लावण्याला सहसा कुणाची हरकत येत नाही. पण छापील प्रती विकायच्या असतील किंवा फाइल सर्वांना उतरवून घेण्यासाठी खुली ठेवायची असेल, तर आधी लेखी परवानगी मागा, आणि प्रतीच्या कोपऱ्यात ही नव्याने काढलेली प्रतिकृती असून मूळ आवृत्ती कोणत्या महिन्याची आहे हे बारीक अक्षरांत छापा.